मिशीवाला मुडदोबा

आमच्या बँडची गाणी एकंदर अकरा. त्यातली तीन तर एकसारखीच आहेत, असं आमचेच लोक म्हणतात. किस्से मात्र विचारू नका! लग्नात, बारशात, कुठंही दोन माणसं भेटली की त्यांना गाणं नको असतं. "तो मुडदोबाचा किस्सा सांग ना!" एक सांगावा, तर त्याच्या मागोमाग दुसरा येतो. म्हणून म्हटलं, एकदा बसून सांगूनच टाकू.

बँडचं नाव 'तिरडी'. गाव बनारस. संगीत हेवी मेटल. मी सुहास, बास गिटार वाजवतो आणि दिवसा शाळेत विज्ञान शिकवतो. ड्रम्सवर पिंटू यादव. आणि गिटार वाजवत गाते ती वैदेही. 'गाते' हा आमचा शब्द. तिच्या आईचा, म्हणजे मालूकाकूंचा शब्द 'घसा फाडते'.

मंगला गौरीच्या देवळाजवळ वैदेहीच्या घरी, वरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालायची. खाली तिचे वडील वेद शिकवतात. वेळा वाटून घेतल्या होत्या, सकाळी ते आणि दुपारी आम्ही. बँड सुरू झाल्यापासून गुरुजी बँडबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. वर्षभर! रागावले असते तर बरं वाटलं असतं.

काकू मात्र बोलायच्या. एकदा वैदेहीनं असा काही आवाज लावला की काकू जिन्यातूनच ओरडल्या, "अगं, मेलेलं उठून बसेल तुझ्या आवाजानं!"

वैदेही थांबली. माझ्याकडे बघितलं. पिंटूनं काठ्या खाली ठेवल्या.

"दादा," ती म्हणाली, "तेच तर पाहिजे!"

बाहेरच्या मोठमोठ्या मेटल बँडना स्टेजवर नाचवायला आपापलं एक भूत असतं. आमचं असं मिळालं. नाव ठेवलं मुडदोबा.

*

मुडदोबा घडवला शम्सूचाचांनी. दसऱ्याचे रावण करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. वैदेहीनं चित्र दाखवलं. चाचांनी चष्मा वर केला आणि एखाद्या डॉक्टरनं विचारावं तसं विचारलं, "मरे हुए कितने दिन हुए?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. वैदेही म्हणाली, "ग्यारह."

"तो नाक नहीं रहेगी," चाचा म्हणाले आणि कामाला लागले.

तीन आठवड्यांनी बघायला गेलो. खोल डोळे, दिसणाऱ्या बरगड्या, नाकाच्या जागी भोक. अप्रतिम! आणि त्याखाली या कानापासून त्या कानापर्यंत पीळदार मिशी.

"चाचा, मूंछ?"

"बेटा, चालीस साल रावण बनाया है. बिना मूंछ के हमसे बनता ही नहीं."

वैदेही काढायला सांगणार होती. पण चाचा त्या मिशीकडे असे बघत होते की तिचं तोंडच उघडलं नाही. जगातला हा एकमेव मिशीवाला मुडदा असावा.

*

आता आत शिरायचं कुणी? बांबूचा सांगाडा, वर डोकं, सगळं मिळून अठरा किलो. पिंटू शिरला आणि दोन पावलांत आडवा झाला. उंच माणूस हवा होता.

"मी बघू का?" दारातून आवाज आला.

वैदेहीचे मामा! वय त्रेसष्ट, उंची सहा फूट दोन इंच. रेल्वेत टीसी होते. मामी गेल्यावर मुलाकडे पुण्याला न जाता बहिणीच्या शेजारी खोली घेऊन राहिलेले. रोज दुपारी पेपर घेऊन जिन्यात बसायचे. आम्हाला वाटायचं, झोपायला येतात.

"मामा, तुम्ही? लोकांना घाबरवायचंय!"

"पस्तीस वर्षं काय करत होतो?" मामा म्हणाले. "मी डब्यात शिरलो की अर्धा डबा संडासात जाऊन बसायचा!"

*

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये. धूर सोडला. बांबूच्या तिरडीवर पांढऱ्या कापडाखाली मामा. पिंटूनं ड्रम घुमवला, वैदेहीनं आवाज लावला, आणि मुडदोबा ताडकन उठून बसला.

आम्ही किंकाळ्यांची वाट बघत होतो.

पहिल्या रांगेतला एकजण शेंगदाणे सोलत होता. सोलतच राहिला. आमच्या लक्षातच आलं नव्हतं की आम्ही हे बनारसला करतोय. ज्या गावात दूध आणायला निघालेल्या माणसाच्या बाजूनं रोज चार प्रेतं जातात, तिथं मुडद्याला कोण भिणार?

मागून कुणीतरी ओरडलं, "का गुरु, लकड़ी कम पड़ गयल का?"

अख्खा हॉल खदखदला. माझी बोटं तारांवरून घसरली. वर्षभराची मेहनत, आणि लोक हसताहेत!

तेवढ्यात मुखवट्यातून मामांचा टीसीचा आवाज आला, माइकची गरज नसलेला. "लकड़ी तो पूरी थी, भइया! हमहीं नहीं माने!"

मग जो 'हर हर महादेव' उठला, तो आमच्या अँप्लिफायरच्या वर गेला! शेंगदाणेवाला खुर्चीवर उभा राहिला. त्या दिवशी आम्हाला कळलं की बँडला भूत नाही, तोंड मिळालं आहे.

*

एक गादीवाले आले. मोठं दुकान. म्हणाले, "आपका मुर्दा हमारे गद्दे पर लेटेगा. नीचे लिखेंगे, 'ऐसी नींद कि उठने का मन न करे!' और चेहरा थोड़ा हँसमुख कर दीजिए."

वैदेहीनं हात जोडले. "भाईसाहब, हमारा वाला उठा हुआ है. फिर से लेट गया तो बँड खतम!"

*

खरी लढाई घरच्यांशी. आपल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव. मंडळाचे सेक्रेटरी भालचंद्रराव. आमचं नाव पेपरात आलं तेव्हा त्यांनी स्वतः निरोप पाठवला, 'स्थानिक कलाकार म्हणून अर्धा तास वाजवा.' आम्ही खूश! वैदेहीनं नवा ड्रेससुद्धा शिवला. दोन दिवस आधी त्यांनी बोलावून घेतलं.

"एकच अट. ते ध्यान आणायचं नाही."

"काका, ध्यान म्हणजे?"

"तेच, मुडदा बिडदा. मंगलप्रसंग आहे. अभद्र दिसतं. शिवाय वयस्क माणूस, चार लोकांत शोभत नाही ते."

मामा तिथंच उभे होते. त्यांनी शर्टाच्या खिशातला पेन काढून परत खिशाला लावला. मामांना मी इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

वैदेही म्हणाली, "मग आम्हीही नाही वाजवत."

"तुमची मर्जी."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "माझ्यापायी कशाला गं? वाजवा तुम्ही."

"मामा," वैदेही म्हणाली, "निमंत्रणपत्रिका वाचलीत का? 'सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.' वाजवायला बंदी आहे. ऐकायला नाही!"

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगीतं सुरू होती. आम्ही तिघं स्वच्छ कपडे घालून आत गेलो. आमच्यामागून दारात वाकून, मिशी सांभाळत मुडदोबा आला आणि सतरंजीच्या कडेला भिंतीला टेकून बसला. गाणं चुकलं नाही, पण तबलजीनं सम सोडली. गाणं संपल्यावर मुडदोबानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

भालचंद्रराव धावत आले. "हे काय? गणपतीसमोर भूत? बाहेर काढा आधी!"

मंडळाचे दोघेजण उठले. मी उठलो. पिंटूनं बाह्या वर केल्या. आता मंडपात हाणामारी होणार, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून गुरुजी उठले. वैदेहीचे वडील! बँडबद्दल आजवर एक अक्षर न बोललेले. उपरणं सारखं केलं आणि हळू आवाजात विचारलं, "भालचंद्रराव, यांच्या वडिलांच्या वरातीत कोण कोण होतं हो?"

आणि मूर्तीकडे बोट दाखवलं.

भालचंद्ररावांनी गणपतीकडे बघितलं. मग मुडदोबाकडे. उत्तर सगळ्या मंडपाला माहीत होतं. महादेवाच्या लग्नाला भुतंच तर गेली होती.

गुरुजींनी आपल्या शेजारची जागा हातानं झटकली. "या मेहुणे. इथं बसा. तिकडून नीट दिसत नसेल."

वैदेही मंडपाबाहेर जाऊन खूप वेळ उभी राहिली. मी गेलो तर म्हणाली, "धूर गेलाय डोळ्यात." धूर कसला? उदबत्ती पार त्या टोकाला होती.

*

मग पुण्याहून मामांचा मुलगा आला. प्रशांत. इंजिनियर. सरळ माणूस, पण चिडलेला. त्याच्या महिनाभर आधी मामांच्या छातीत दुखलं होतं, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. मामांनी मुलाला कळवलंच नव्हतं. त्याला ते काकूंकडून कळलं.

आमच्यासमोरच बोलला. "बाबा, अठरा किलोचं ओझं घेऊन नाचताय! डॉक्टर काय म्हणाले? आणि तुमचे व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेत. मला विचारलं लोकांनी, हे तुझे बाबा का?"

"मग काय सांगितलंस?"

प्रशांत म्हणाला, "म्हटलं, नाही."

पिंटू उठून खिडकीपाशी गेला. त्याला मराठी अर्धीच कळते, पण तेवढी कळली.

मामांनी हातावरची शीर चोळली. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं मी ज्याच्यासमोर उभा राहिलो, त्यानं तोंड फिरवलं. प्रत्येकानं. तिकीट असलं तरी! आता ज्याच्यासमोर जातो, तो फोटो काढू का विचारतो. तुझी आई गेल्यावर दोन वर्षं मी जिन्यात बसून पेपर वाचला, प्रशांत. एकच पेपर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला परत त्या जिन्यात बसव, म्हणजे छाती दुखायची थांबेल, असं वाटतंय का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत कुठंतरी गायब झाला. आम्हाला वाटलं, परत गेला. दुपारी शम्सूचाचांचा फोन आला. "ये पुनावाला कौन है भाई? सुबह से मेरे मुर्दे की हड्डी तौल रहा है!"

दोघांनी मिळून चार दिवसांत सांगाडा नऊ किलोवर आणला. बरगड्या वेताच्या केल्या, खांद्यांवर पट्टे लावले, हवेला जागा ठेवली. फक्त मिशीला चाचांनी हात लावू दिला नाही.

पुढच्या कार्यक्रमाला प्रशांतनं स्वतः पट्टे आवळले. स्टेजच्या बाजूला उभा होता, हातात पाण्याची बाटली आणि मामांच्या गोळ्या. शेजारच्या पोरानं विचारलं, "भइया, अंदर कौन है?"

"हमारे बाबूजी," प्रशांत म्हणाला. आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, ओरडून, "हमारे बाबूजी!"

वैदेहीनं मुद्दाम वाजवणं थांबवलं होतं. ते वाक्य स्पष्ट ऐकू आलं. सगळ्यांना.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी मुखवटा दुरुस्तीला गेला, तर चाचा कडाडले, "अंदर से आँखों के नीचे सारा कागज गल गया है! मुर्दे को भिगोया किसने?"

*

आणि हा शेवटचा. हा आम्ही सहसा सांगत नाही.

भोसले घाटावर संध्याकाळी कार्यक्रम होता. गल्लीत गाडी जात नाही, आणि मुडदोबा हातात नेण्यापेक्षा अंगावर नेणं सोपं. म्हणून दुपारी चारच्या उन्हात पुढे मुडदोबा, मागे मी बास घेऊन, वैदेही गिटार घेऊन, पिंटू आणि दोन हमाल ड्रम घेऊन, असे चाललो होतो. एका वळणावर शेजारच्या गल्लीतून 'राम नाम सत्य है' आलं. वळणापुढे दोन्ही गल्ल्या एक होतात आणि मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे उतरतात.

लांबच्या कुठल्यातरी गावचे लोक होते. इनमिन पाच माणसं. तिघं पुरुष आणि एक मुलगी, असे चौघं खांदा देत होते. पाचवा म्हातारा रिकामं मडकं धरून मागे. मुलगी असेल पंचवीस वर्षांची. बापाची तिरडी होती. तोल जाऊ नये म्हणून ती टाचा उंच करून चालत होती. आमच्यासमोरच त्यांच्यातला एकजण गुडघ्यावर बसला. ऊन लागलं होतं. तिरडी एका अंगाला कलली. खाली शेण, चिखल. ठेवायची कुठं?

मी बास भिंतीला लावतोय, तोवर मुडदोबा पुढे झाला आणि कललेला दांडा खांद्यावर घेतला.

मुलीनं वळून बघितलं. खोल डोळे, बरगड्या, नाकाच्या जागी भोक, मिशी. मला वाटलं, आता ही किंचाळणार.

ती म्हणाली, "थोड़ा नीचे, बाबा. आप ऊँचे हैं."

मामा गुडघ्यात वाकले. तसेच वाकून चालले, घाटापर्यंत, त्रेसष्टाव्या वर्षी. वैदेहीनं मुलीच्या जागी खांदा दिला. मुलगी बाजूनं एक हात तिरडीवर आणि एक हात मुडदोबाच्या वेताच्या कोपरावर ठेवून चालत राहिली. दुकानदार उठून उभे राहिले. लस्सीवाल्यानं हात जोडले. कुणी फोन काढला नाही.

घाटावर चितांचे नंबर लावणारा माणूस ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली. आधी तिरडीवरच्या माणसाकडे बघितलं. मग तिरडीखालच्या मुडदोबाकडे, वरपासून खालपर्यंत.

"का गुरु," त्यानं एक बोट, मग दोन बोटं दाखवत विचारलं, "एक ठे हौ कि दुन्नो?"

मामांनी खांदा हलू न देता उत्तर दिलं, "एक ही. हम तो बस पहुँचाने आए हैं."