नऊ अर्जांवरचा श्रीकार

चहा घेता घेता ऐकणारच असाल, तर आधीच सांगते: मी शिस्तीची बाई आहे, आणि माझी ही फजिती शिस्तीमुळेच झाली. हसायचे असेल तर शेवटी हसा. मध्ये हसलेले मला चालत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसाने देवाचे नाव घेत बसावे, असे मी जगाला सांगत असे. स्वतः मात्र शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत कंटाळले. देवही कंटाळला असावा; कारण त्याच सुमारास झाशीच्या प्रेमनगरातील आमच्या घराजवळच्या महाविद्यालयात ‘लेखन सहायता केंद्र’ उघडले आणि मला तेथे बोलावणे आले. निबंध, अर्ज, प्रकल्प लिहिताना मुले अडली की त्यांनी यावे, आपण मार्ग दाखवावा. खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. एका कोपऱ्यात फुटका कॅरम अजून होता. दुसऱ्या कोपऱ्यात मी.

केंद्राचा नियम साधा होता. विचारा, ऐका, मुलांच्या कागदावर स्वतःचा पेन टेकवू नका.

त्याच वर्षी एका न्यासाने शिष्यवृत्ती जाहीर केली. लखनौला दोन वर्षांचे शिक्षण, वसतिगृहासह. दोन पानांचे मनोगत स्वहस्ते लिहायचे. अर्ज कोणाचा, कोठला, हे तपासणाऱ्याला कळू नये, म्हणून त्यावर नाव, गाव, जात, खूण, काहीही नको. खूण आढळली की अर्ज बाद. हे मी मुलांना इतक्या वेळा बजावले की कॅरमलासुद्धा पाठ झाले असेल.

नऊ जण आले. त्यांत जवळच्या बरुआसागर गावची नीलम होती. वडिलांची आल्याची शेती. मुलगीही आल्यासारखीच, तिखट.

“मैडम, पापा ने कह दिया है,” ती म्हणाली, “लखनऊ का हो गया तो जाओ, नहीं तो बस का पास बंद और ब्याह की बात चालू. अब आप ही देख लो.”

मी पाहिलेच!

झाशीत आम्हा मराठी लोकांची घरे थोडी, पण रीती भरपूर. आमच्याकडे वर मध्यभागी ‘श्री’ काढल्याशिवाय कागदावर अक्षर उमटत नाही. पत्र असो, वाण्याची यादी असो. आमचे हे तर गॅस सिलिंडरच्या तक्रारीवरही श्री काढतात. सिलिंडर तरीही येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा मी नऊही जणांना श्री काढायला लावला. ठीक मध्यभागी, दोन्ही बाजूंना दोन दोन उभे दंड, वरच्या कडेपासून दोन बोटे खाली. पट्टी घेऊन तपासले. एकाचा श्री डावीकडे कलला होता. त्याला कागद बदलायला लावला. माझा पेन मात्र कोठेही टेकवला नाही. नियम म्हणजे नियम!

नीलमने मान वर केली. “मैडम, ये भी तो निशान हो गया ना?”

“भगवान का नाम निशान है?”

“मैं तो बस पूछ रही हूँ.”

“पूछो मत. लिखो.”

अर्ज गेले. काही आठवड्यांनी प्राचार्य सक्सेनाजींचा फोन आला. आवाज कापत होता.

“मैडम जी, सामूहिक नकल का मामला है! हमारे नौ के नौ आवेदन रोक लिए गए. सब पर एक ही गुप्त निशान! कल न्यास से आदमी आ रहा है. आप जैसा सख़्त कोई नहीं, जाँच में आप बैठिए.”

तुम्हाला वाटेल, येथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल. कसा पडणार? माझ्या लेखी श्री ही खूण नव्हतीच. कागदाला कड असते, तसा श्री असतो. गुप्त खूण म्हणजे टिंब, फुली, कोपऱ्यात काढलेले फूल!

“आजकालच्या मुलांना लाज नाही,” मी यांना म्हटले.

“नवांपैकी एकालाही?” हे वर्तमानपत्राआडून म्हणाले. “मग शिकवले कोणी?”

“तेच मी उद्या शोधून काढणार आहे!”

दुसऱ्या दिवशी नऊही जण प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभे होते. नीलमचा चेहरा उतरला होता. मी तिच्याकडे असे पाहिले की तो आणखी उतरला.

आत न्यासाचे द्विवेदीजी पाकीट घेऊन बसले होते. ते उघडण्यापूर्वीच मी बोलायला उभी राहिले. संधी सोडणे माझ्या स्वभावात नाही.

“बच्चों को दंड बाद में दीजिए. पहले उस व्यक्ति को पकड़िए, जिसने इनके भोले हाथों से यह पाप करवाया. ऐसे व्यक्ति की छाया भी इस विद्यालय पर न पड़े!”

“वाह!” सक्सेनाजी म्हणाले. द्विवेदीजींनी वाक्य लिहून घेतले. मी बसले.

मग पाकीट उघडले.

नऊ श्री. ठीक मध्यभागी. वरून दोन बोटे. काय सुरेख आले होते हो!

“एक ने लिखा होता, तो श्रद्धा मान लेते,” द्विवेदीजी म्हणाले. “नौ के नौ, एक ही जगह, एक ही नाप के? यह तो जाँचने वाले को इशारा है. और मुँह कोई नहीं खोलता. उस बरुआसागर वाली से कितना पूछा! कहती है, नाम नहीं लूँगी.”

मी पुन्हा उभी राहिले.

“वह छाया वाला वाक्य,” मी म्हटले, “काट दीजिए.”

“क्यों? बड़ा अच्छा वाक्य है.”

“छाया मेरी है.”

सक्सेनाजींनी पाणी मागवले. मला वाटले माझ्यासाठी, पण ते स्वतःच प्याले. द्विवेदीजींनी फर्मावले: चार वाजेपर्यंत लेखी स्पष्टीकरण द्या. पटले तर सर्व अर्ज पुन्हा तपासणीत. न पटले तर सर्व बाद.

मी केंद्राच्या खोलीत जाऊन लिहू लागले. पहिल्या पानावर आमचे पूर्वज झाशीत आले. दुसऱ्या पानावर मंगलाचरणाचे महत्त्व आले. तिसऱ्या पानावर तरुण पिढी आणि राष्ट्र! साडेतीन वाजले. नीलम दारातून आत आली, समोर बसली आणि तिन्ही पाने वाचून काढली.

“मैडम, एक बात पूछूँ?”

“पूछो.” आता दुसरे काय म्हणणार?

“इसमें आपने किया क्या, वो कौन-सी लाइन में है?”

मी पहिले पान पाहिले. दुसरे पाहिले. तिसरे उलटून त्याची मागची बाजूही पाहिली.

“नहीं है,” मी म्हटले.

“तो वही लिख दीजिए न. मेरा ब्याह टल जाएगा.”

नवा कागद घेतला. ‘श्री मैंने लिखवाया. एक छात्रा ने टोका था, मैंने उसे डाँटकर चुप करा दिया. बच्चों का कोई दोष नहीं.’ खाली सही. झाले! एवढेच लिहिताना जेवढा घाम फुटला, तेवढा तीन पाने लिहिताना फुटला नव्हता.

द्विवेदीजींनी वाचले, मान डोलावली. “ठीक है. सारे आवेदन वापस जाँच में.” बाहेरून असा आरडाओरडा झाला की एरवी मी नऊही जणांना रांगेत उभे केले असते. त्या दिवशी बसून राहिले.

सक्सेनाजींनी कागद दोनदा वाचला. चष्मा कपाळावर चढवला. कॉपी पकडताना मी आयुष्यभर मुलांकडे जसे पाहत आले, अगदी तसे माझ्याकडे पाहिले.

“इतना साफ़, इतना सीधा!” ते म्हणाले, आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “मैडम जी, सच-सच बताइए. किससे लिखवाया?”