लाथांनी चालणारा कारखाना

आमच्या आत-बाशी गावात मेव्हणीला भाओजींची टिंगल करायचा हक्कच आहे, आणि आमचे एसेनकुल भाओजी म्हणजे टिंगलीला आयतंच गिऱ्हाईक. पूर्वी ते सामूहिक शेतीवर नियोजन अधिकारी होते. तिथल्या बैठका इतक्या लांबायच्या, की लांडग्यांपासून मेंढ्या कशा वाचवायच्या हे ठरेपर्यंत लांडगे जेवून गेलेले असत. पुढे शेती मोडली, नोकरी गेली, आणि भाओजींनी आम्हा बायकांना जमवून लोकरीच्या नक्षीदार जाजमांचा कारखाना काढला. कारखाना कसला, बहिणीचं अंगणच ते.

लोकर पसरायची, उकळतं पाणी ओतायचं, गवताच्या चटईत गुंडाळायची आणि सगळ्यांनी ओळीत उभं राहून लाथांनी ती गुंडाळी अंगणभर फिरवायची. भाओजींनी कायदा केला: कारखान्याचा प्रत्येक निर्णय लाथा मारतानाच घ्यायचा, आणि ज्याचा पाय गुंडाळीवर नाही त्याने बोलायचं नाही. दम लागला की माणूस मुद्द्याचं तेवढंच बोलतो, असं त्यांचं म्हणणं. राजधानीतून व्यवस्थापनाचे एक प्राध्यापक आम्हाला शहाणं करायला आले, त्यांनाही ओळीत घेतलं. त्यांचं भाषण अंगणाच्या निम्म्यातच आटपलं.

गेल्या शरदात भाओजींचा गुडघा कामातून गेला. ते भिंतीशी बाकावर बसू लागले, आणि नेमका तेव्हाच एक व्यापारी आला. जाजमं पुरे, म्हणाला, घरात घालायचे लोकरीचे जोडे करा, वर्षभर घेतो. भाओजींचा सगळा जीव जाजमांत. जोडे म्हणजे त्यांना अपमानच वाटला असणार.

"बोला की भाओजी," मी लाथ मारत म्हणाले. "पोटात ठेवलंत तर गुडघ्यामागोमाग पोटही जाईल."

त्यांनी नुसतं आपल्या पायाकडे बोट दाखवलं.

"आजच्यापुरता राहू दे तो कायदा," आमच्यातली सगळ्यांत वयस्क उमसुनाई म्हणाली. "गुडघा काय मुद्दाम मोडून घेतलाय त्यांनी?"

भाओजींनी मान हलवली. चेहरा मात्र चहाच्या समोवारासारखा तापला होता.

"जाजमं नकोत बाई आता," उमसुनाई धापा टाकत म्हणाली. "कंबर... राहिली नाही माझी. जोडे बसून शिवता येतात."

"पोरांकडेही बघता येतं," दुसरी म्हणाली. गुंडाळी कुंपणाला लागेपर्यंत जोडे ठरलेसुद्धा.

भाओजी लंगडत घरात गेले. मला खरंच वाईट वाटलं. बहिणीने चहा दिला, तोही तसाच निवत राहिला.

"रागावलात?" मी विचारलं.

"उमसुनाईची कंबर गेलीय, हे मला आज कळलं," ते म्हणाले. "मी बोललो असतो तर जाजमंच ठरली असती."

"हो, मग बोलायचं होतंत. आम्ही ऐकलंच असतं."

"तेच तर, नुरिपा. इतकी वर्षं तुम्ही माझंच ऐकत होतात, आणि मी समजत होतो की तुम्हीच ठरवताय."