पळणारं मीटर

चौलच्या आमच्या घरात मी एकटी. एक फ्रीज, दोन पंखे, आणि विजेचं बिल मात्र एखाद्या हॉटेलाला यावं तसं! शेजारच्या भाऊजींना दर महिन्याला माझी कणव यायची. "वहिनी, मीटर पळतंय तुमचं. हापिसात जाऊन भांडा."

भांडले. खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बिलावर मीटरचा फोटो छापलाय, घरी जाऊन ताडून बघा."

चष्मा लावून ताडलं. मीटरचा नंबर आमचाच, रीडिंगही बरोबर. मग घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रीजचा प्लगसुद्धा काढला. तरी मीटरवरचा तांबडा दिवा आपला लुकलुकतोच आहे! अरे, मग वीज खातंय कोण? तिरमिरीत मेन स्विच खाली ओढला. दिवा थांबला आणि कुंपणापलीकडून भाऊजींची हाक आली, "वहिनी, लाईट गेली काय वो?"

स्विचवरचा हात तसाच ठेवून मी वर पाहिलं. आमच्या पडवीच्या छपराखालून निघालेली काळी वायर सुपारीच्या झाडांतून थेट त्यांच्या घरात शिरली होती. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवाला लाईट आम्हीच दिली होती, शेजारधर्म म्हणून. मांडव सुटला, वायर राहिली.

भाऊजी कुंपणाशी आले. त्यांनी वायरीकडे पाहिलं, स्विचवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं आणि जराही न लाजता म्हणाले, "चालू करा वो लवकर. फ्रीजमध्ये पापलेट हाय, संध्याकाळी तुमच्याकडंच पाठवणार व्हतो."