पाणी पिऊन सांगणारा माणूस

सोपानकाकांना कुणी निरोप दिला की ते आधी आवारातल्या रांजणाशी जात. सावकाश लोटाभर पाणी पीत, मिशा पुसत आणि मग पुढे निघत. "जरा पानी पिऊ द्या, मंग सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मेहकरच्या गिरणीत मी नवा कारकून म्हणून लागलो तेव्हा मला वाटलं, म्हातारा कामचुकार आहे.

गिरणी म्हणजे एका आवारात दोन कारखाने. अलीकडे कापसातून सरकी काढणारं जिनिंग, पलीकडे त्या सरकीचं तेल काढणारी तेलगिरणी. जिनिंगचे गुलाबराव आणि तेलगिरणीचे तुकाराम मिस्त्री यांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, आणि एकमेकांचं तोंड बघायची तयारी नव्हती. मधे निरोप्या म्हणून सोपानकाका.

एकदा मी त्यांच्या मागोमाग गेलो. गुलाबराव ओरडले होते, "त्या ढोराले सांग, सरकी उचल, नाही तं तुह्या छातीवर ओततो!" काका पाणी प्यायले आणि पलीकडे जाऊन म्हणाले, "मिस्त्री, गुलाबराव म्हनते, आज सरकी लवकर नेली तं लय उपकार होतील." मिस्त्री कडाडले, "ओली सरकी देते लेकाचा! त्याच्या बापानं तरी जिन पाह्यला होता काय?" पुन्हा रांजण. मग गुलाबरावांना, "मिस्त्री नेतो म्हनते. फक्त थोडी सुकू द्या म्हनते. तुमच्यासारख्या जानत्याले आपन काय सांगाव!" गुलाबराव खूश. सरकी वाळली, तेल निघालं.

मी विचारलं, "काका, हे खोटं नाही का?"

"सरकी ओली हाय, हे सांगतलं ना? बाकीचं कायले वाहू?"

पुढे धाकटे शेठ मुंबईहून शिकून आले. दोन्ही कारखाने नीट जोडायचे, असं त्यांनी मनावर घेतलं. दोघांवर एकच साहेब नेमावा, तर दोघंही नोकरी सोडायला निघाले. सगळी यंत्रं एका छपराखाली आणावीत, तर खर्च झेपेना. उरला टेलिफोन. इकडे एक, तिकडे एक, मधे नुसती तार. काका म्हणाले, "बसवा शेठ. पन एक टोक माह्याजवळ राहू द्या." शेठ हसले. "मग फोन कशाला?"

पहिल्याच दिवशी गुलाबराव रोजचंच बोलले. मिस्त्रींनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्याच भाषेत उत्तर दिलं. त्या भांडणात आजवरचे गोड निरोपही उघडे पडले. संध्याकाळी दोघंही रांजणापाशी आले.

"मी त्याले उपकार म्हनलो? माह्या तोंडचं?" गुलाबराव ओरडले.

"इतके वर्स मले येड्यात काढलं," मिस्त्री म्हणाले. "लबाड हायेस तू, सोपान."

त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. काका म्हणाले, "हाव, म्हनलो मी." बस्स.

त्यानंतर सरकी आवारात साचली, आतून तापली, कुजली. तेलगिरणी ऐन हंगामात बंद पडली. शेठनी खापर काकांवर फोडलं, खरी परिस्थिती लपवली म्हणे, आणि त्यांना घरी बसवलं. ज्या माणसाला सोयरिकीची बोलणी करायला लोक पार साखरखेर्ड्यापर्यंत घेऊन जात, त्याला बाजारात टवाळ पोरं विचारू लागली, "काका, पानी पेले काय?" काकांनी बोलणंच टाकलं. माझा राग अजून गेलेला नाही. टेलिफोनवर नाही, त्या दोघांवर. इतकी वर्षं गोड ऐकून सुखानं जगले, आणि दोष दिला गोड सांगणाऱ्याला.

काका गेले तेव्हा दोघंही आले. अंगणाच्या दोन टोकांना उभे राहिले. तिरडी उचलायच्या वेळी गुलाबराव माझ्या कानाशी म्हणाले, "त्या कुत्र्याले सांग, मी खांदा देऊन राह्यलो, त्यानं हात लावू नोको."

मलाही आधी लोटाभर पाणी हवं होतं. मयताच्या घरी पाणी कुणाला मागणार? तसाच मिस्त्रींकडे गेलो.

"गुलाबराव म्हणतात, तुम्ही वयानं मोठे. पुढचा खांदा तुमचा."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं.

"आता तू बी सुरू झाला काय बे?"

त्यांनी चपला घातल्या आणि ते फाटकाबाहेर पडले. पुढचा एक खांदा रिकामा होता. तो मी दिला.