नगरच्या मैदानावरचं जहाज आणि एक लोखंडी दार

माझी नात कुठे फिरून आली की ब्लॉग लिहिते. काय खाल्लं, गाडी कुठे लावली, तिकीट किती पडलं. "आज्जी, तुझा पहिला प्रवास लिही ना," म्हणून महिनाभर तिने माझं डोकं खाल्लं. मी म्हटलं, बाई गं, माझा पहिला प्रवास राजूर ते नगर, त्यात काय मेलं लिहायचं? पण आठवायला बसले आणि झोपच उडाली. म्हणून लिहून टाकते. मजेची सहल वाचायची असेल तर इथूनच मागे फिरा, मी रागावणार नाही.

बहात्तर सालचा उन्हाळा होता. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. आमची वाडी राजूरच्या वर, भंडारदऱ्याच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरात आई, बा आणि मी. माझा थोरला भाऊ दत्तूदादा नौदलात होता, जहाजाच्या इंजिनघरात. त्या आधीच्या हिवाळ्यात लढाई झाली, त्याचं जहाज बुडालं आणि तार आली. मागून एक कागद आला. तोही मीच वाचून दाखवला. बेपत्ता, मृत समजावे. बा भिंतीला टेकून बसला तो बसलाच. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"समजावं म्हंजी काय गं? मेला म्हनत्यात का ठावं न्हाई म्हनत्यात?"

आईने विचारलं. उत्तरही तिनेच शोधलं. आमची सगळी माणसं धरणाच्या काठची. पाण्यात कोणी गेलं तर काय होतं ते आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो. काठावर माणसं बसवतात, वाट बघतात आणि तो येतो. आईच्या डोळ्यांदेखत असे तिघेजण वर आले होते. आता समुद्र तिने पाहिलेला नव्हता. तिच्या लेखी तो भंडारदऱ्याहून जरा मोठा. तेव्हा तिचा हिशेब सरळ होता. दत्तू तिसऱ्या दिवशी वर आला नाही, चौथ्या दिवशी नाही, महिन्यानेही नाही. म्हणजे तो बुडालेलाच नाही. कुठेतरी काठाला लागला असणार.

बा म्हणायचा, आपण त्याचं दहावं घालू, पोराचा जीव अडकून राहील. आई अंगावर धावून जायची. "वर आल्याबिगर मी दिस घालू द्यायची न्हाई!" घराच्या कौलावर कावळा बसलेला तिला खपत नव्हता. दिसला की दगड. सकाळी उठून चूल पेटवायच्या आधी ती अंगणात दगड गोळा करून ठेवायची. वाडीतल्या बायका तोंडावर पदर घेऊन बघायच्या.

एका बाजाराच्या दिवशी आम्ही राजूरला गेलो. स्टँडच्या भिंतीवर एक मोठं रंगीत पत्रक चिकटवलेलं. त्यावर जहाजाचं चित्र, वर चंद्र आणि चंद्रावर उभा असलेला माणूस. आईने माझा दंड धरला.

"सुमे, हे जहाजच हाय नव्हं? काय लिवलंय?"

मी वाचलं, "युद्धनौका नगरमध्ये. रणभूमी ते चंद्रभूमी, भव्य प्रदर्शन."

खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'निवृत्त युद्धनौकेच्या अस्सल भागांसह उभारलेली प्रतिकृती.' ती मी डोळ्यांनी वाचली आणि गिळून टाकली. प्रतिकृती म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं, मराठीत वर्गात पहिली यायचे मी. पण शाळेच्या रेडिओवर चंद्राची बातमी ऐकल्यापासून मला वेड लागलं होतं. चंद्रावरच्या माणसाचे फोटो एकदा बघायचे, एकदा नगर बघायचं, बस्स. आईला खरं सांगितलं असतं तर ती आली नसती, आणि ती नाही तर मला कोण पाठवणार?

"काढलं व्हय त्यांनी पान्यातून?" आई विचारत होती. "मंग त्याच्यावरली मानसंबी नगरलाच आसतील. मिलिट्रीचा दवाखाना हाय तिथं."

मी म्हणाले, "आलंय म्हणतात बाई." एवढंच म्हणाले.

घरी बाने एकच विचारलं, "आगं पन नगरला समुद्र कुठंय?"

"मिलिट्रीवाल्यास्नी काय, गाडीवर घालून आनलं आसंल," आई म्हणाली आणि नागलीचं पीठ मळायला बसली. दहा भाकरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी (ती दादाला जीव की प्राण) आणि दादाचा धुऊन ठेवलेला सदरा. सगळं एका धडप्यात बांधलं. मी बघत होते. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं की नाही? नाही उघडलं.

आता रस्त्याचं सांगते. अजूनही वाट तीच आहे. राजूरहून अकोले, अकोल्याहून संगमनेर, तिथे गाडी बदलायची, मग कोल्हार, राहुरी आणि नगर. आज स्वतःच्या गाडीने चहापाणी करत अर्ध्या दिवसात आरामात पोचाल. आम्ही पहाटेच्या एसटीला बसलो आणि नगरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. तिकिटाला किती पैसे पडले ते आठवत नाही. आईने एक कोंबडी विकली होती एवढं आठवतं.

अकोल्यापर्यंत डोंगर सोबत होते. पुढे मोकळं, भगभगीत. पाऊस आदल्या साली दगा देऊन गेलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. कोल्हारच्या आसपास मात्र कालव्याचा हिरवागार ऊस. आई खिडकीतून बघत म्हणाली, "आपल्या धरनाचं पानी बघ कुठवर आलंय." तिला केवढा आनंद झाला होता! पाणी एवढं लांब येतं तर त्यातून माणूसही येईल, असं काहीतरी तिच्या मनात चाललं असावं. कोल्हारला गाडी थांबली तेव्हा मी रसाचा हट्ट केला. तिने मला रस पाजला, स्वतः घोटभरही घेतला नाही. भाकरीचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, राहुरीला उतरणारे. त्यांनी सहज विचारलं, "कुठं निघाल्या माय-लेकी?"

"नगरला. लेकाला आनाया," आई म्हणाली.

"मिलिट्रीत हाय व्हय? लई नशीबवान हाय बाई."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. 

नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून टांगा केला आणि छावणीच्या बाजूच्या मैदानावर गेलो. लांबूनच जहाज दिसलं. करड्या रंगाचं, केवढं थोरलं, तोफा रोखलेल्या, वर झेंडा. आई टांग्यातच उभी राहिली. मलाही क्षणभर वाटलं, खरंच आणलं की काय! जवळ गेलो तर पत्रे. बांबूवर ठोकलेले पत्रे, खाली लाटांच्या ऐवजी निळं कापड, आणि कापडावर धुळीचा थर. आईने हात लावून पाहिला.

"पातळ हाय गं," ती म्हणाली. "म्हनूनच बुडालं."

आत शिरलो ते थेट चंद्रावर. पहिल्या दालनात रॉकेटचा नमुना, काचेच्या हेल्मेटचा पोशाख घातलेला पुतळा, भिंतभर फोटो. मी सगळं विसरून गेले. खोटं कशाला सांगू, त्या पंधरा-वीस मिनिटांत मला दादाची आठवणही आली नाही. चंद्राच्या मातीतला बुटाचा ठसा बघत उभी होते तेवढ्यात आईने हाक मारली. ती एका फोटोपुढे होती. समुद्रात तरंगणारी लहानशी कुपी, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर, मागे युद्धनौका.

"हे कोन?"

"चंद्रावरून परत येणारे. ती कुपी समुद्रात पडते, मग जहाज जाऊन त्यांना काढतं."

"जित्ती?"

"हो. सगळे जिवंत."

आईचा चेहरा असा उजळला की तसा मी त्या तारेनंतर पाहिला नव्हता. "बघ! चंद्रावरून पडल्याली मानसं समुद्रातून काढत्यात. मंग माझा तर हितलाच." तिने रांगेतल्या दोन अनोळखी बायकांनाही तो फोटो दाखवला. "माझा लेकबी आसाच काढला आसंल." त्या बायका हसल्या, बिचाऱ्यांना काय माहीत.

पुढचं दालन जहाजाचं. इथे मात्र वस्तू खऱ्या होत्या, मोडीत काढलेल्या जहाजाच्या. पितळी घंटा, सुकाणूचं चाक, झोपायची कापडी झोळी. समजावून सांगायला एक निवृत्त खलाशी उभे होते, कोकणातले असावेत, पांढरी मिशी, बोलणं मऊ. आईने त्यांना गाठलं.

"दादा, ह्या जहाजावरली मानसं कुठं ठिवलीत?"

त्यांना कळेना. मी खाली बघत होते. आई सांगत सुटली. माझा दत्तू, इंजिनात होता, पार तळाला, पान्यात गेला पन वर न्हाई आला, आमच्याकडं तिसऱ्या दिशी येतंच मानूस, म्हंजी तो गेला न्हाई, तुमी सांगा. खलाशांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "इंजिनघरात होता?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"व्हय. तळाला."

त्यांच्या मागे एक लोखंडी दार होतं. जाडजूड, गुडघ्याइतक्या उंबऱ्याचं, चहूबाजूंनी आवळायचे दांडे. प्रत्येक घोळक्याला ते दार ते दाखवत असणार. त्यांनी आईला खरं तेच सांगितलं. माझ्याहून तो माणूस प्रामाणिक निघाला.

"आई, जहाजात पाणी शिरलं ना, की हे दार आवळतात. बाहेरून. म्हणजे पाणी पुढच्या खोलीत जात नाही. बाकीचे वाचतात."

"आन् आतले?"

"आतले आतच राहतात, आई."

"मंग तिसऱ्या दिशी..."

"लोखंडातून कोण वर येणार?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आई दारापाशी गेली. एक दांडा धरून हलवून पाहिला, तो हलला नाही. मग आपल्या घराच्या दारावर वाजवावं तसं तिने बोटांच्या पेरांनी वाजवलं, टक टक टक. "दत्तू," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

आणि पलीकडून आवाज आला. "कोन हाय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी कसा सांगू? मरेपर्यंत माझ्यासमोर राहील तो. दाराला लागून असलेला पडदा बाजूला झाला आणि बिडी ओढणाऱ्या एका मांडववाल्याने डोकं बाहेर काढलं. "काय पायजे, मावशी?" त्याच्या मागे स्टोव्हवर चहा उकळत होता आणि मोकळं मैदान दिसत होतं. दारामागे काही नव्हतंच.

"काय न्हाई बाबा," आई म्हणाली.

मागचे लोक चला, पुढं सरका म्हणायला लागले. आम्ही सरकलो.

रात्र स्टँडवर काढली, सकाळच्या गाडीने निघालो.  कोल्हारचा ऊस आला, गेला. मी म्हणाले, आई, थोडी भाकरी खा. तिने गाठोड्यावरचा हात घट्ट केला. संगमनेरला मी ठरवलं की आता सांगायचं. की हे दुसऱ्याच जहाजाचं दार. की दादा त्या वेळी कुठे होता, दार आवळलं की नाही, कोणालाच ठाऊक नाही. की पत्रकावर काय लिहिलं होतं ते मी लपवलं. पण त्या सांगण्यातून तिला पुन्हा आशा लागली असती, आणि मी लबाड ठरले असते. यातलं कशाला जास्त घाबरले ते आजही ठरवता येत नाही. गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती बाच्या रडण्याने. अंगणात आले. आईने ते धडपं सोडलं होतं. वाळून कडक झालेली नागलीची भाकरी, वर खुरासणीची चटणी, पान करून तिने कौलावर ठेवलं आणि हात जोडून खाली उभी राहिली. दगडांचा ढीग तसाच पायाशी. कावळा आला, लगेच आला. बा म्हणाला, "शिवला गं, शिवला. सुटलं पोरगं."

त्या साली सगळीकडे अन्नाचे वांधे होते, कावळे काहीही खात होते. मी हे मनातच म्हणाले.

नगरला आज कोणी आलं तर मी रणगाड्यांचं संग्रहालय आवर्जून बघायला सांगते. मी सावेडीत राहते, येताना घरी या, चहा घ्या. ते मैदान मात्र मला विचारू नका. आई त्यानंतर वीस वर्षं जगली. कोणी पोराचं विचारलं की सांगायची, "मी त्याचं दार बघून आल्ये." तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की ते त्याचंच जहाज होतं. दादाला समुद्राने कधी, कसं नेलं हे मला माहीत नाही. आईपुरता मात्र तो त्या दिवशी नगरला मेला, आणि त्याला तिथे मी घेऊन गेले होते, चंद्राचे फोटो बघायला.