चटणीचं कार्ड

आईच्या डब्यांत साऱ्या जिल्ह्याच्या पाककृती आहेत, फक्त आमच्या घरच्या नाहीत. हे मी पहिल्यांदा बोलले ते चिडून, भांडणाच्या भरात. आता तेच वाक्य राहून राहून आठवतं.

आई वारणानगरच्या बाजूला हायस्कुलात होम सायन्स शिकवायची. मुलींना तिचा धाक असा की वहीत कुणी ‘अंदाजे’ लिहिलं तर लाल पेनानं आडवी रेघ ठरलेली. “अंदाजे म्हणजे काय गं? तुझ्या मुठीनं का माझ्या?” स्वतःच्या संग्रहालाही तिनं तोच नियम लावला. जिच्या हाताला चव, तिच्या ओट्याशेजारी जाऊन उभी राहायची. त्या बाईनं चिमूटभर काही घेतलं की हात धरायची, चिमूट आपल्या वाटीत पाडायला लावायची, मोजायची आणि मग जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहायची. ती कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आजही आहेत.

शेवटी दोन प्रश्न कधी चुकायचे नाहीत. “कुणाकडनं शिकलात?” आणि “त्या हायत का?” असतील, तर पेनाला टोपण. कार्ड अर्धवट ठेवून पुढच्या रविवारी स्वारी थेट त्या बाईकडे. पेठ वडगावच्या एका सुनेची आमटी घ्यायला गेली, तिथनं तिच्या आत्याकडे, आत्याच्या थोरल्या जावेकडे, असं करत बया निपाणीच्या पुढं पोचली होती. शेजारच्या चाचींच्या शिरखुर्म्यापायी त्यांच्या मिरजेच्या नणंदेला गाठलं. बाबा वैतागायचे, “आमटी हाय का पोलीस तपास?”

आणि एवढी शिस्तीची बाई, पण आमच्या घरच्या कांदा-लसणाच्या चटणीचं कार्ड नाही! दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी व्हायची, मी आयती बरणी भरून न्यायचे. लिहून दे म्हटलं की म्हणायची, “आपल्या घरचं काय लिहायचं? ते हाताला ठावं असतंय की.” मलाही काय घाई होती? आई होती, तिचे हात होते.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे कळंब्याला राहायला आली. गेल्या वर्षी एका दुपारी डबा उघडून बसली होती. एक कार्ड हातात धरून म्हणाली, “काय सुबक अक्षर हाय गं या बाईचं!” अक्षर तिचंच होतं. मला वाटलं थट्टा करतेय, मी हसले. कशाला हसले, देव जाणे. पुढं भाजलेली खसखस तिनं पुन्हा भाजायला घेतली. एकदा गॅस नुसताच सोडून गॅलरीत जाऊन बसली. डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या आणि मला मागं थांबवून सांगितलं, हे बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे.

तेव्हा मी एकच धरून बसले. बाकी जायचं ते जाऊ दे, चटणी तिच्या हातातनं काढून घ्यायचीच. या उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या, वजनकाटा आणला, कोरं कार्ड घेतलं. आई कढईपुढं बसली आणि काय सांगू, हात पूर्वीसारखे चालले! धने, तीळ, खोबरं, तळलेला कांदा. तिची प्रत्येक मूठ मी अडवून मोजली. ती चिडली, “मधेमधे हात घालू नकोस गं!” ते ओरडणं मला इतकं गोड लागलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी दोघी चटणी कांडून आणायला डंखावर गेलो. लोखंडी मुसळं दणादणा आपटत होती, जो तो शिंकत होता. डंखवाल्या मावशी आईला कितीतरी वर्षं ओळखतात. त्यांनी विचारलं, “बाई, मीठ किती घालू?”

चटणी वर्षभर टिकते ती मिठावर. कमी पडलं तर पावसाळ्यात बुरशी धरते. आईनं खडेमिठाच्या पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“हे कशाला आणलंय? चटणीत मीठ घालत न्हाईत.”

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. माझं डोकंच फिरलं. “आई, असं काय करतीस? आठव की जरा!” मी सगळ्यांदेखत ओरडले. ती दचकली, दोन पावलं मागं सरली आणि पिशव्यांच्या आड जाऊन उभी राहिली. मी मीठ ओतलं. कार्डावर लिहिलं, ‘मीठ अंदाजे.’

पाऊस लागल्यापासून रोज बरणीचं झाकण काढून वास घेते. अजून काही झालेलं नाही. पण हात लावताना धडकी भरते.

परवा दुपारी त्या चटणीचा झुणका केला. आई जेवता जेवता थांबली. वर्गात बघायची तसं माझ्याकडं नीट बघितलं, हात धुतला आणि आतनं कोरं कार्ड, पेन घेऊन आली. ओट्याशेजारी उभी राहिली.

“चटणी घरची दिसतीया. लिहून घेतली तर चालंल न्हवं तुम्हाला?”

तुम्हाला. जन्मभर ‘अगं ए’ म्हणणारी माझी आई. तिचीच मापं मी तिला सांगत गेले. ती लिहीत गेली, अक्षर तेवढंच सुबक.

“मीठ?”

“अंदाजे.”

तिनं चष्म्यावरनं बघितलं. “अंदाजे चालत न्हाय, ताई. कुणाकडनं शिकला?”

“आईकडनं.”

“त्या हायत का?”

ती पेन धरून वाट बघत होती.

“हायत की,” मी म्हणाले.

तिनं पेनाला टोपण लावलं. चेहरा कसा खुलला होता. “मग मिठाचं त्यांनाच विचारू. कुठं असतात?” असं म्हणत ती दाराशी गेली आणि चपला शोधू लागली.