मेघाचा पंप

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. आता चार वाक्यं बोलली तरी धाप लागते — म्हणून लिहितो.

दमा आमच्या घरात माझ्याकडून आला. नाकाचं दुखणंही. नाकात मांस वाढतं, सायनस भरून राहतात, वास कळेनासा होतो. ऑपरेशन केलं, तरी काही वर्षांनी मांस पुन्हा हजर. माझ्या मुलीला, मेघाला, हे सगळं माझंच मिळालं.

पुरुषाचा दमा कोण विचारतं? पण मुलीचं लग्न ठरवायचं तर — बघायला आलेल्यांना मी ‘धुळीची थोडी अॅलर्जी’ एवढंच सांगितलं. पोह्यांच्या आधी तिचा दम्याचा पंप साड्यांखाली ठेवायला लावला. सासरीही कुणासमोर ओढू नकोस, म्हणालो. तिनं ऐकलं. नारायण पेठेतून हिंजवडीला गेली आणि बाथरूममध्ये नळ सोडून पंप घेत राहिली. दूध करपलं तरी तिला कळायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, “नाक माहेरीच ठेवून आलीस का गं?” ती हसून घ्यायची.

मग एका दिवाळीत चिवड्याच्या फोडणीत मिरच्या जळल्या आणि तिचा श्वास अडकला. पंप आणून द्या म्हणावं, तर सगळं उघडं पडणार. ती गप्प राहिली — आणि हॉस्पिटलात न्यावं लागलं.

ही तेव्हा गावाला होती. मी एकटाच गेलो. पलंगाशी जावई उभे होते. आवाज न चढवता म्हणाले, “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

काय अवघड होतं ‘हो’ म्हणायला?

“नाही हो,” मी म्हणालो. “तिनं आम्हालाही कधी कळू दिलं नाही.”

मेघा जागी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, “हो. मीच लपवलं.”

संसार टिकला तिचा. पण आजही तिचं नुसतं डोकं दुखलं, तरी त्या घरात आधी एकमेकांकडे बघतात.

दर रविवारी ती येते. माझं नाक धुवायला मिठाचं कोमट पाणी करून देते. माझा पंप हलवून बघते, संपत आला असेल तर नवा आणते. मी तो सगळ्यांसमोर ओढतो, जावयांसमोरसुद्धा.

काल तिला धाप लागली. खोलीत आम्ही दोघंच होतो. ती उठली, खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून तिनं पंप घेतला.

ते मी शिकवलेलं आहे.